खिंडीसाठी कार्बोरेटर

ता. ३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण तुझी गाडी.

या गाडीत माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहून काढतो, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते कोण सांगतोय हे तुझ्या ध्यानात राहील. पुढच्या चाकाचे बुश मी माझ्या दुकानातल्या लेथवर काढले. क्लचच्या कॉर्कच्या चकत्या मी कापल्या, तेलात भिजवल्या, बसवल्या. सायलेन्सरचं पोट फाटलं होतं ते मी सांधलं, आणि तेही डब्याच्या पत्र्यानं नव्हे, मोजून घेतलेल्या जाडीच्या पत्र्यानं. किकचा दांडा, बाजूचा स्टँड, सीटखालचा सांगाडा, दिव्याची वाटी, हेडखालची तांब्याची गॅस्केट, सगळं माझं. अण्णांनी घेतली तेव्हा ती कंपनीची गाडी होती. आज तिच्यात कंपनीचं म्हणून टाकीवरचं नाव आणि इंजिनाची पेटी एवढंच उरलंय. एक वस्तू मात्र मी केलेली नाही, ती म्हणजे कार्बोरेटर. आणि नेमका तोच तुला छळतो.

तू लिहितोस की नदीकाठी गाडी लोण्यासारखी चालते, अर्ध्या घाटात कुरकुरते आणि खिंडीच्या शेवटच्या वळणांवर काळा धूर टाकत बसकण मारते. यात गाडीचा दोष नाही. वर हवा विरळ. तुझ्याच वायुभारमापकाचे आकडे बघ, खाली शंभर तर खिंडीत जेमतेम अठ्ठ्याहत्तर. पेट्रोल मात्र तेवढ्याच भोकातून तेवढंच येतं. तीन वाट्या पिठात चार वाट्यांचं पाणी ओतलं की जो गिलावा होतो तोच तुझ्या सिलिंडरात होतो.

वर फोन लागत नाही, आणि वरच्या तळ्याची पातळी दुपारच्या आत तू खाली धरणाच्या कचेरीत पोचवली नाहीस तर दरवाजे किती उघडायचे हे त्यांना कळत नाही, हे मला ठाऊक आहे. तुला दोनदा उशीर झाला आणि तिसऱ्यांदा झाला तर ते काम जीपवाल्या कंत्राटदाराला देणार, असं साहेब म्हणाले, हेही वाचलं. म्हणजे तुझी नोकरी आणि तिच्याबरोबर मिळालेलं घर, दोन्ही सध्या एका पितळी डबीवर टांगलेली आहेत. म्हणून मी हे हसण्यावारी नेत नाही.

कार्बोरेटर दोन जातीचे. एकात तू मूठ पिळलीस की तारेनं पडदा उचलला जातो. तो सरळ, मुका, आज्ञाधारक. पण उंची बदलली की त्यातला जेट हातानं बदलावा लागतो. दुसऱ्यात पडद्याच्या डोक्यावर रबराची पातळ चकती असते आणि इंजिनाच्या ओढीनं पडदा आपला आपण उचलला जातो. विरळ हवेत तो आपोआप कमी उचलतो. ऐकायला गोड. पण तुझा जीव कांद्याच्या सालीएवढ्या रबरावर सोडायला मी तयार नाही. फाटलं तर खिंडीत कोण शिवणार?

तेव्हा पहिल्या जातीचा नवा घेतलाय, सोबत दोन जेट. जेट म्हणजे वाटाण्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध आरपार भोक. ही भोकं मी स्वतः पाडली आहेत. एकशे दहा नंबरचा खालच्यासाठी, एकशे दोनचा वरच्यासाठी. अर्ध्या वाटेवर ते पाण्याचं टाकं आहे ना, तिथे थांबायचं, खालची मोठी टोपी पान्यानं काढायची, जेट बदलायचा. जाताना एकशे दोन, येताना न विसरता एकशे दहा. वर मोठा जेट राहिला तर नुसता धूर होईल. खाली लहान राहिला तर इंजिन उपाशी जळेल. गाणं म्हणता म्हणता होणारं काम आहे.

पहिल्या फेरीनंतर प्लग काढून पाठव. बाकी त्याच्या टोकाचा रंग बोलेल.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त पत्राला उत्तर वेळेवर दे.
तुझा दादा

---

ता. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्बोरेटर पोचला. इतका कापूस आणि इतके कागद, की तुझ्या भावजयीला वाटलं काचेचं झुंबर आलं. बसवायला खालच्या गावातल्या वेल्डरची मदत घेतली. तो जेट डोळ्यापाशी धरून बराच वेळ भोकातून उजेड बघत राहिला आणि म्हणाला की हे कारखान्यातलं आहे. मी त्याला खरं सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला नाही. तुला यापेक्षा मोठी शाबासकी कोण देणार?

गाडी खिंड चढली. धूर नाही, धाप नाही. तळ्याची पातळी घेतली आणि वेळेत खाली आलो. सोबत प्लग पाठवला आहे.

फक्त एक विचारायचं होतं, रागावू नकोस. टाक्यापाशी वारा फार असतो, आणि हे रोज दोनदा करायचं. तो दुसऱ्या जातीचा, आपला आपण सांभाळणारा, तो अगदीच टाकाऊ का रे? मी आपलं सहज विचारलं.

अक्षराबद्दल बोलू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, दादा कितीही ओरडला तरी तो आता तुझाच आहे, आम्ही परत घेणार नाही.
तुझा बारक्या

---

ता. २२ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

प्लग बघितला आणि कपाळाला हात लावला. हा प्लग मला काहीही सांगत नाही. हा तू घरी येऊन काढलास. खिंडीतून खालपर्यंत मूठ सोडून उतरत आलास, तेवढ्यात त्यावर उताराची काजळी बसली. मला वर काय घडतं ते बघायचंय आणि तू मला वरातीचा फोटो म्हणून रिकाम्या मांडवाचा पाठवतोस. वर पूर्ण मूठ पिळून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि प्लग तिथल्या तिथे काढायचा. लहानपणी शंभरदा दाखवलंय. विसरलास की आळस?

दुसऱ्या जातीचं नाव पुन्हा काढू नकोस. आपोआप होणारी वस्तू माणसाला आंधळा करते. आपल्या घरात अण्णांकडे शेत नव्हतं, दुकान नव्हतं. मी शाळा सातवीत सोडली, तुझी मी सोडू दिली नाही. आपल्याकडे जे आहे ते या दहा बोटांत. वारा आहे म्हणतोस, तर वाऱ्याकडे पाठ करून बस. वाटाण्याएवढा स्क्रू फिरवायला तुला तंबू ठोकून द्यायला हवा काय?

तुझी वहिनी मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय की हे पत्र आहे की दमदाटी. तिला सांगितलं, दमदाटी करायला तो माझा एकच भाऊ आहे.

अक्षर मात्र खरंच वाईट आहे. टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती घाल.
तुझा दादा

---

ता. ९ एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न.

काळजीचं पत्र आहे, म्हणून आधीच लिहिते की हे सुखरूप घरी आहेत. लागलेलं नाही.

परवा खिंडीतून परत येताना यांनी टाक्यापाशी जेट बदलायला घेतला, तर मोठा जेट खडीत पडला. बराच वेळ शोधला. मिळेना. उशीर व्हायला लागला, कचेरीचं भय डोक्यात, म्हणून लहान जेट तसाच ठेवून निघाले. खाली नदीकाठच्या सपाटीला वेळ भरून काढायला गाडी जोरात सोडली. कचेरी दिसायला लागली आणि गाडीचं मागचं चाक एकाएकी अडकलं. घसरत गेले, पण उभे राहिले. तिथून चालत जाऊन पातळी सांगितली. बारा वाजून गेले होते.

दरवाजे अंदाजानं उघडले होते. कुणाचं नुकसान झालं नाही, पण ते आमचं नशीब असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. दीड महिना जीपवाला येणार आहे. त्यानंतर हे गाडी पुन्हा उभी करू शकले तर मोसमापुरती संधी, नाहीतर घर रिकामं करायचं.

वेल्डरभाऊंनी इंजिन खोललं. पिस्टन घासून अडकलाय. तो, सिलिंडर आणि कार्बोरेटर पार्सलनं पाठवते आहे. यांनी मला एक गोष्ट लिहायची नाही म्हणून शपथ घातली आहे आणि मी ती पाळते. पण दादा, पार्सलमधली प्रत्येक वस्तू तुम्ही नेहमी बघता तशी बघा. नुसता पिस्टन बघून ठेवून देऊ नका.

जाऊबाईंना नमस्कार. आमच्यावर नजर असू द्या.
आपली धाकटी भावजय

---

ता. १६ एप्रिल

चि. बारक्या,

पार्सल मिळालं. पिस्टन मी म्हटलं तसाच जळलाय, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लहान जेट भिंगाखाली धरला. त्याच्या डोक्यावर चार खळगे आहेत, दोन वर, दोन खाली. आधी वाटलं पकडीनं धरलाय, आणि तुला शिव्या द्यायला कागद घेतला. मग नीट बघितलं. पकडीच्या खुणा रेघांसारख्या असतात. हे गोल आहेत. हे दात आहेत.

वाटाण्याएवढा स्क्रू माणूस दातांत कधी धरतो? दोन्ही हात गुंतले असतील तर एकदा धरेल. पण या खुणा एकावर एक आहेत. म्हणजे रोज.

मग मी बर्फवाल्याकडून अर्धी लादी आणली, बादलीत टाकली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत घालून बसलो. तुझ्या वहिनीला वाटलं मला वेड लागलं. बोटं लाकडासारखी झाल्यावर हात पुसले आणि बाकावर ठेवलेला जुना कार्बोरेटर घेतला. पाना धरता आला, मोठी टोपी निघाली. जेट मात्र उचलता येईना. बोटांत आहे असं वाटायचं आणि तो जमिनीवर असायचा. दोनतीनदा वाकून शोधला. आणि मग, बारक्या, मी विचार न करता तो ओठांनी उचलून दातांत धरला.

माझी बोटं घटकाभरात जिवंत झाली. तुझी कधीपासून मेली आहेत?

खरं लिही. टेबलाच्या पायाची गोष्ट सांगू नकोस.
दादा

---

ता. २४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

जानेवारीत. खिंडीत गाडी बंद पडली, प्लग ओला झाला होता. तो काढून पुसला, लावला, पुन्हा ओला. असं कितीतरी वेळा. बर्फ पडत होतं. शेवटी गाडी तिथेच सोडून चालत उतरलो. घरी आलो तेव्हा बोटं पांढरी होती. डाव्या हाताची चारही आणि उजव्याची दोन, टोकांची जाणीव गेली ती आली नाही. डॉक्टर म्हणाले, आता यायची नाही. बळ आहे. ब्रेक दाबता येतो, क्लच ओढता येतो. किती ओढला ते बोटांना कळत नाही, कानाला कळतं. बटण तुझी भावजय लावते. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून हे लिहितो आहे. गाडी चालवताना मी कुणाला आणि स्वतःला धोका आहे का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला गाडीवर बसवून अंगणात फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं आणि चालव म्हणाले. बारीक वस्तू तेवढी धरता येत नाही.

कचेरीत कळलं असतं तर काम गेलं असतं. पण तुला सांगितलं नाही त्याचं कारण ते नव्हतं. हातमोजे माझ्या खिशात होते, दादा. प्लगचं काम म्हणून मी ते काढले होते. हातमोजे घालून बारीक काम करणारा आणि डोळे मिटून सुई ओवणारा सारखाच, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ते चुकीचं नाहीच. दुकानात ते बरोबर आहे. फक्त खिंडीत बसून माझ्या ध्यानात आलं नाही की हे दुकान नव्हे. हे तुला कळलं तर तू ते कुठे नेशील ते मला माहीत होतं, म्हणून लपवलं. तुझ्या भावजयीला बोल लावू नकोस.

आता तूच सांग. गाडी सोडू म्हणालास तर सोडतो. पण मला विचारशील तर वरचं तळं बघायला जाणारा माणूस रोज जाणारा हवा. जीपवाला ढग दिसला की येत नाही. या महिन्यात तो चारदा आला नाही.

माझ्यावर आहे तो लोभ कमी करू नकोस आणि स्वतःवर राग धरू नकोस, एवढंच मागणं.
बारक्या

---

ता. १ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

गाडी सोडू नकोस.

दुसऱ्या जातीचा कार्बोरेटर घेतला. भंगारात निघालेल्या एका गाडीचा आहे, शरीर चांगलं आहे, रबर नवं टाकलं. मी त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं त्यातलं रबर फाटण्याचं तेवढं खरं होतं, बाकीचं माझ्या तोंडचं होतं. तो सगळं आपोआप करतो असं नाही. त्याच्यातही जेट असतो. पण एकदा खालच्या उंचीला बरोबर बसवला की वर तो स्वतःला आवरतो. थोडा धूर टाकेल, थोडा जड चालेल, पण वाटेत कुणी त्याच्या पोटात हात घालायला नको. तळाची सोय आधी बघायची. वर धूर चालेल, खाली आग नको. हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. मी दोन जेट पाडून पाठवले, कारण ते मला पाडता येतात.

हातमोज्यांचं वाक्य मी परत घेतो.

सिलिंडर घासून घेतलाय, मोठा पिस्टन आणलाय. कार्बोरेटरचं तोंड आपल्या इंजिनाला बसत नाही, म्हणून मधली नळी अॅल्युमिनियमच्या गोळ्यातून काढतो आहे. चोकला बोटांनी ओढायचं बारकं बटण होतं, त्या जागी तळहातानं ओढता येईल अशी लाकडी मूठ करतो. पेट्रोलच्या चावीला लांब दांडा. क्लचचा दांडा रुंद. पार्सल करणार नाही. बारा तारखेला मी घेऊन येतो. इतकी वर्षं ती गाडी मी दुकानाच्या उंचीवरून दुरुस्त केली. खिंड मी कधी पाहिलीच नाही.

धाकटीला सांग, तिनं शपथ मोडली नाही आणि माझे डोळे उघडले. दोन्ही एकदम जमणारी माणसं थोडी असतात.
तुझा दादा

---

ता. २३ मे

सौ. हेडऑफिस यांस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. गुडघा दुखतो, पण तो तिकडेही दुखतच होता.

कधी परतणार हे तू फोनवर विचारलंस तेव्हा मागे सगळी बसली होती, म्हणून आता लिहितो.

पहिले काही दिवस नदीकाठी जेट लावण्यातच गेले. प्लग तांबूस येईपर्यंत मी कुणाला वर जाऊ दिलं नाही. मग टाक्यापर्यंत. मग खिंडीपर्यंत, मी मागे बसून. शेवटच्या वळणांवर गाडी जड झाली, मी कान टवकारले, पण ती थांबली नाही. वर मी प्लग काढायला हातमोजे काढले. हातात बसलेलं काम, मला डोळे मिटून येतं. प्लग परत बसवेपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती, आणि हा मे महिना आहे. बारक्या तिथे तळ्याशी पातळीच्या काठीवरचा आकडा वाचत उभा होता. माझ्याकडे पाठ करून. त्यानं मुद्दाम पाठ केली होती, हे मला कळलं.

परवा तो एकटा गेला. मी टाक्यापाशी बसून राहिलो. येताना त्याचा आवाज वळणामागून आला तेव्हा मी तो ऐकून घेतला, जसा मी कुठल्याही इंजिनाचा ऐकतो: फट नाही, खोकला नाही, उपाशी शिट्टी नाही. तो थांबलाही नाही. थांबायचं कारणच नव्हतं. नुसता कोपर हलवून पुढे गेला आणि मी तिथे उठून वेड्यासारखा हात हलवत राहिलो. पातळी वेळेत पोचली. साहेबांनी नोंद केली आणि म्हणाले, मोसम संपेपर्यंत बघू.

अडचण इथेच आहे. बर्फ वितळतंय, तळं रोज चढतंय, हवा रोज बदलते. पडद्याखालची सुई अजून एक खाच वरखाली करावी लागेल, रबर तपासावं लागेल, खाली गरम दिवसांत पुन्हा जेट बघावा लागेल. हे त्याला जमणार नाही आणि वेल्डर चांगला असला तरी त्याचा हात जड आहे. एक दिवस चुकला तर घर जातं. म्हणून तळं ओसरेपर्यंत मी इथेच राहतो. मापांची साधनं ठेवायची खोली कचेरीनं मला रिकामी करून दिली आहे. भाऊ वेगळी खोली नको म्हणतो, पण मी घोरतो हे त्याला तू सांगितलेलं दिसत नाही.

आता तुला न आवडणारं. शहरातल्या मोठ्या गॅरेजचे मालक निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आले होते. त्यांनी मी पाडलेले जेट बघितले, सर्टिफिकेट विचारलं नाही, शाळा विचारली नाही. त्यांना इंजिनविभागाला मुख्य माणूस हवा आहे, हाताखाली सहा जण, दारावर माझं नाव. आयुष्यभर मला असंच कुणीतरी यावं असं वाटायचं, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तू चहा घेऊन बाहेर आलीस तेव्हा ते बोलून झाले होते. मी तुला गिऱ्हाईक म्हणून सांगितलं. एक जूनला हजर हवं, एक दिवसही उशीर चालणार नाही, असं म्हणाले. काल मी त्यांना फोन करून नाही म्हटलं.

घरची काळजी घे. माझ्यावर रुसायचं ते रुस, पण पत्र लिहून रुस.
तुझाच

ता. क. देणार होते महिना बेचाळीस हजार, आणि गॅरेजच्या वरच राहायला दोन खोल्या.